सासूबाईंसाठी ओढलेली खोली

सासूबाईंना पुण्याहून येऊन दोन महिने होत आले, तरी त्यांनी आमच्या घराच्या कोपऱ्यावरचा राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक, काही ओलांडला नव्हता. इंग्लंडमधल्या या मिल्टन कीन्समध्ये गल्लोगल्ली राउंडअबाउट; इथे राहून तो न ओलांडणं म्हणजे घराबाहेरच न पडणं. कुठे चला म्हटलं की उत्तर ठरलेलं, "तुम्ही जाऊन या, माझे गुडघे दुखतात." आणि हेच गुडघे धुतलेल्या कपड्यांची बास्केट घेऊन दिवसातून दहा वेळा जिना चढत होते!

नवऱ्याचं म्हणणं, आईला इथे करमत नाही. त्याने तिच्यासाठी मराठी चॅनल घेतले, मोठा टीव्ही घेतला आणि आपलं कर्तव्य संपलं असं समजून लॅपटॉप उघडला. एका शनिवारी आम्हाला लंडनजवळ इल्फर्डला मित्राकडे जेवायला जायचं होतं. सासूबाई चक्क तयार झाल्या, नवी साडी नेसल्या, बूट घातले, आणि निघताना सोफ्यावर बसून बूट काढायला लागल्या. नवरा वैतागून एकटाच गेला. मी राहिले. मला राग पटकन येतो, आणि आला की बोलल्याशिवाय जात नाही.

"आई, गुडघ्यांचं सोडा," मी म्हटलं. "खरं काय ते सांगा."

त्या मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला धरवत नाही गं."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी हळूहळू सांगितलं. तासाभरात जावं लागतं, कधी त्याच्या आतच. घरात काही वाटत नाही, पण मोटरवेवर अडकलो तर काय करायचं? विमानात बसायच्या आदल्या संध्याकाळपासून त्यांनी पाणी तोंडाला लावलं नव्हतं. पुण्यात डॉक्टरांना दाखवून झालं होतं, गोळ्या चालू होत्या, व्यायाम चालू होते. त्रास बराच कमी झाला होता, पण धास्ती तेवढीच राहिली होती.

"त्याला सांगायचं नाही," त्या म्हणाल्या. "शपथ आहे तुला. मुलगा आहे तो."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मला फार वाईट वाटलं. ही बाई मुलींच्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवत होती. जगातल्या नद्या, वारे, सामुद्रधुन्या तोंडपाठ. आणि इंग्लंडला येऊन आमची मागची बाग तेवढी बघून परत जाणार?

"तुम्हाला इथलं काय बघायचं होतं?" मी विचारलं.

त्यांनी मेथीचे हात पुसले आणि फोनवर नकाशा उघडायला लावला. बोट थेट नॉरफोकच्या किनाऱ्यावर गेलं. हन्स्टन्टन नावाचं गाव. "इथे कडे आहेत. खाली तांबडा थर, वर पांढरा, कापलेल्या केकसारखे स्वच्छ दिसतात. आणि हे बघ, गाव देशाच्या पूर्व बाजूला, पण तोंड पश्चिमेला. म्हणजे पूर्व किनाऱ्यावर उभं राहून सूर्य समुद्रात मावळताना दिसतो. पुस्तकात नव्हतं हे. मीच नकाशात शोधून ठेवलं होतं." बोलताना त्यांचा चेहरा बदलला होता. मग त्यांनी फोन परत दिला आणि म्हणाल्या, "जाऊ दे."

जाऊ दे म्हटलं की मी कधी काही जाऊ देत नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात ऑफिसहून येताना मी एका कॅराव्हॅनच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराच्या, मागे अडकले. एरवी अशा वेळी माझ्या तोंडून जे निघतं ते इथे लिहिता येणार नाही. त्या दिवशीही शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं. अगं बाई, हा माणूस आपल्या मागे संडास घेऊन चाललाय!

रात्री जेवताना मी जाहीर केलं, आपण कॅराव्हॅन भाड्याने घेऊन समुद्रावर जायचं. नवऱ्याचा घास हातातच राहिला.

"कॅराव्हॅन? आपण? अगं, हॉटेल नावाची एक गोष्ट असते."

"मला कॅराव्हॅनच पाहिजे."

"पण का?"

आता का ते सांगायची सोय नव्हती. सासूबाई ताटाकडे बघत होत्या. "मला हौस आहे," मी म्हटलं. वीस वर्षांच्या संसारात मी तंबूत झोपायला नकार दिलेली बाई. त्याने माझ्याकडे असं बघितलं, की हिला ताप आहे का ते हात लावून बघावं.

पण त्याला एकदा काम दिलं की तो विरघळतो. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "ठीक आहे. माझ्या गाडीला लावू." त्याची गाडी म्हणजे नवी इलेक्ट्रिक, चकचकीत, फोनशी बोलणारी. माझी लहान, पेट्रोलवरची, तिला तो 'डबा' म्हणतो. त्याने गाडीचं मॅन्युअल उघडलं, वाचलं, पुन्हा वाचलं आणि मिटलं. त्या गाडीला काहीही ओढायची परवानगीच नव्हती! ताकद भरपूर, पण कंपनीने ती ओढण्यासाठी बनवलेलीच नाही, मग विषयच संपला. आणि माझ्या डब्याला? परवानगी होती! मी दोन दिवस तरंगत होते.

अर्थात, परवानगी आहे म्हणून वाटेल ते ओढता येत नाही. माझ्या गाडीच्या दाराच्या चौकटीवर एक छोटी पट्टी आहे, त्यावर आकडे. इतकी वर्षं त्या दारातून आत-बाहेर केलं, कधी नजर गेली नव्हती. वरचा आकडा म्हणजे माणसं-सामान भरून गाडीचं जास्तीत जास्त वजन. त्याखालचा, गाडी आणि मागची ओढायची वस्तू मिळून. खालच्यातून वरचा वजा केला की उरेल तेवढं मागे लावता येतं. शिवाय नवख्यांसाठी एक सांगणं असतं, की भरलेली कॅराव्हॅन रिकाम्या गाडीच्या वजनाच्या पंच्याऐंशी टक्क्यांच्या आत ठेवावी. नाहीतर ओढणारा कोण आणि ओढला जाणारा कोण, याचा निकाल उतारावर लागतो.

आमच्या गावाबाहेर एका शेतावर कॅराव्हॅन भाड्याने मिळतात. तिथल्या गोऱ्या मालकाने आम्हाला सरळ सगळ्यात मोठीकडे नेलं. कायमचा पलंग, शॉवर, ओव्हन, सगळा थाट. नवरा पलंगावर बसून उड्या मारून बघायला लागला. मालक म्हणाला, तुमची गाडी आरामात ओढेल, काही काळजी नको.

मी कॅराव्हॅनवरची पट्टी वाचली आणि म्हटलं, "नाही ओढणार."

"लोक नेतात," तो म्हणाला.

"लोक नेत असतील. मी नेणार नाही."

मी अशी बोलले की नवरा पलंगावरून उतरला. सगळ्यात कोपऱ्यात एक बुटकी, दोघांपुरती, हलकी कॅराव्हॅन होती. दिवसा बाक, रात्री पलंग. मागच्या भिंतीला छोटा ओटा, आणि दाराजवळ कपाटाएवढं टॉयलेट. भरून धरली तरी माझ्या गाडीच्या मर्यादेत आरामात बसत होती. नवरा म्हणाला, "झोपायला दोघींची जागा. मी कुठे?"

"बाहेर तंबू लावता येतो," मी म्हटलं. "तुला फ्रेश एअर मिळेल."

मी टॉयलेटचं दार उघडून दोनदा लावून बघितलं. कडी पक्की होती.

मग गाडीला टोबार, म्हणजे कॅराव्हॅन अडकवायचा दांडा, बसवून घेतला. कॅराव्हॅन माझ्या गाडीपेक्षा रुंद होती, म्हणून बाजूला लांब दांड्यांचे आरसे लावले. एका रविवारी ऑफिसच्या रिकाम्या कार पार्कमध्ये सराव केला. पुढे नेणं सोपं. मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे वळवलं की कॅराव्हॅन उजवीकडे जाते. नवरा इंग्रजीत सूचना देत होता, मी मराठीत उत्तरं देत होते. शेवटी कार पार्कच्या कडेच्या बाकावर बसलेल्या सासूबाई उठल्या, कॅराव्हॅनच्या मागे उभ्या राहिल्या आणि तिच्या पत्र्यावर हात थोपटत सुरू झाल्या, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बास!" पुण्याच्या सोसायटीत गाडी मागे घेतात, अगदी तस्सं. मी पहिल्याच झटक्यात सरळ लावली. हो, सासूबाई आल्या होत्या, कारण कॅराव्हॅन आली होती. घरापासून इतक्या लांब त्या पहिल्यांदाच आल्या होत्या, आणि नवऱ्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी सामान भरलं. जड वस्तू खाली, चाकांच्या बरोबर वर. हलकं वरच्या कप्प्यांत. कॅराव्हॅनचं थोडं वजन पुढच्या टोकावर, म्हणजे तिच्या नाकावर यावं लागतं, जास्त नाही आणि कमी तर मुळीच नाही. ते मोजायचा एक छोटा काटा असतो. मी मोजलं, बरोबर आलं. नवरा म्हणाला, "तुझा राग असतो तिथेच आहे वजन." मी हसले. इतक्या चांगल्या मूडमध्ये होते.

सकाळी उठून पोळ्यांचा डबा घेतला, कुलूप लावलं, निघालो. सासूबाई मागच्या सीटवर. त्यांचं म्हणणं होतं, "मी त्या मागच्या खोलीतच बसते ना, म्हणजे प्रश्नच नको." चालत्या कॅराव्हॅनमध्ये बसून चालत नाही, हे मी समजावलं. "पण मी थांबेन," मी हळूच म्हटलं. "तुम्ही फक्त खांद्यावर हात ठेवा." पहिल्या तासात त्यांनी एकदा हात ठेवला. मी लेबायमध्ये, म्हणजे रस्त्याकडेच्या थांब्यावर, थांबले, चाकं बघायच्या निमित्ताने. त्याच निमित्ताने त्या मागे जाऊन आल्या. नवऱ्याला वाटलं, मी फारच काळजीपूर्वक चालवतेय.

पण चाकांऐवजी आत बघितलं असतं तर बरं झालं असतं. गाडी पहिल्यापासून मला जरा वेगळी लागत होती. मागून हलकी, सरळ न ठरणारी. मी म्हटलं, सवय नाही म्हणून असेल.

दुपदरी रस्त्याच्या एका लांब उतारावर बाजूने एक मोठी लॉरी पुढे गेली. तिच्या वाऱ्याने कॅराव्हॅन जराशी हलली. मग दुसऱ्या बाजूला हलली. मग आणखी जास्त. आरशात बघते तर ती सापासारखी डावी-उजवी डोलतेय आणि गाडीची शेपटीही सोबत ओढली जातेय.

"ब्रेक! ब्रेक मार!" नवरा ओरडला.

"गप्प बस!" मी त्याच्याहून मोठ्याने ओरडले. अशा वेळी ब्रेक मारायचा नसतो. मी पाय अॅक्सिलरेटरवरून काढला, स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरलं आणि काही केलं नाही. काहीही न करणं किती अवघड असतं, ते मला त्या दिवशी कळलं. वेग उतरला तसं डोलणं कमी झालं, मग थांबलं. मागच्या गाड्यांनी शहाणपणाने अंतर ठेवलं होतं. पुढचा लेबाय दिसला तसा आत घेतला, हँडब्रेक ओढला.

उतरून कॅराव्हॅनचं दार उघडलं. आणि कपाळावर हात मारला. मागच्या ओट्याखाली प्रेशर कुकर, ओट्यावर बिडाचा तवा, बाजूला लोखंडी खलबत्ता, तांदळाची अख्खी गोणी, डाळींचे डबे, पाण्याचे दोन कॅन, इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या मैत्रिणीने दिलेला चिवड्याचा पत्र्याचा डबा. आणि वर, गाडीच्या डिकीत मी ठेवलेली आमची मोठी बॅगसुद्धा! सगळंच्या सगळं कॅराव्हॅनच्या अगदी शेपटाला. नाक हवेत जाणार नाही तर काय होईल?

"हे कोणी ठेवलं?"

"मी," सासूबाई म्हणाल्या. "पहाटे. तूच म्हणालीस ना, गाडी लहान आहे, तिला भार झेपत नाही? म्हणून म्हटलं, तिच्यातलं काढून मागच्या खोलीत ठेवू. आणि स्वयंपाकाचं स्वयंपाकाच्या जागी."

"आणि खलबत्ता कशाला?"

"चहाला आलं कुटायला नको?"

हसावं की ओरडावं कळेना. चुकीचं होतं, पण किती प्रेमाने चुकीचं होतं! माझ्या डब्याची दया इतकी कोणाला आली नव्हती.

नवऱ्याला मात्र हसू येत नव्हतं. तो पांढराफटक पडला होता. "बास," तो म्हणाला. "परत जायचं. मी शेतवाल्याला फोन करतो, तो येऊन घेऊन जाईल हे धूड. आपण ट्रेनने घरी. जीव महत्त्वाचा. तुझ्या हौसेपायी आईला इथे मारायचं का?"

तो फोन काढायला लागला. मी म्हटलं, सामान हलवलं की झालं, नीट होईल. तो ऐकेना. मी आवाज चढवला, त्याने चढवला. बाजूने लॉऱ्या धडधडत होत्या. मला खरं सांगता येत नव्हतं आणि खोट्याने तो हलत नव्हता. मला वाटलं, संपलं. उद्या या पुन्हा सोफ्यावर बसून बूट काढणार आणि मग पुण्याला जाणार.

"तिची हौस नाहीये ती," सासूबाई म्हणाल्या.

आम्ही दोघांनी वळून बघितलं.

"मला सारखं लघवीला जावं लागतं," त्या म्हणाल्या. भर रस्त्यावर, लॉऱ्यांच्या आवाजावर आवाज चढवून, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. "धरवत नाही. म्हणून मी कुठे येत नव्हते. म्हणून हिने ही खोली आणली. तुला सांगायचं नाही, अशी मी शपथ घातली होती. फोन ठेव खाली."

नवऱ्याने फोन खाली केला. त्याचे कान लाल झाले होते. "आई," तो म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारायचास, आई येतेस का. येत नाही म्हटलं की जायचास. का येत नाहीस, हे कधी विचारलंस?"

त्याने बाह्या सरसावल्या, कॅराव्हॅनमध्ये शिरला आणि तांदळाची गोणी उचलून बाहेर आला. बॅग आणि गोणी गाडीच्या डिकीत. पाणी ओतून टाकलं. कुकर, तवा, खलबत्ता, डबे खाली जमिनीवर, चाकांच्या वर, पट्ट्याने बांधून. मी काटा लावला, नाकावरचं वजन बरोबर आलं. तोवर सासूबाई आत जाऊन आल्या. या वेळी निमित्त नव्हतं. बाहेर येऊन त्यांनी साडीच्या निऱ्या ठीक केल्या आणि म्हणाल्या, "चला, ओहोटीची वेळ चुकेल."

पुढे गाडी इतकी सरळ चालली की काय सांगू! नवऱ्याने तर कहरच केला. प्रत्येक लेबायच्या पाटीला मागे वळून, "आई, थांबायचं का? आई, लेबाय!" चौथ्या वेळी सासूबाई भडकल्या, "अरे, मी काय बालवाडीत आहे?" मी इतकी हसले की मलाच थांबावं लागलं असतं.

कडे त्यांनी सांगितले होते तस्सेच होते, खाली तांबडे, वर पांढरे. समुद्र लांब मागे गेला होता. सासूबाईंनी कड्यापासून हातभर अंतर ठेवून आम्हाला थरांचा अख्खा तास घेतला. खालचा आधी साचला, वरचा नंतर, मध्ये किती काळ गेला. एक इंग्लिश जोडपं कुत्रा घेऊन थांबलं, भाषा न कळता ऐकत राहिलं. मग त्या ओल्या वाळूवर चालायला लागल्या. चालता चालता फार लांब गेल्या. नवरा हाक मारणार होता, मी त्याचा दंड धरला.

सूर्य समुद्रात मावळला, पूर्व किनाऱ्यावर. त्या नुसत्या बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी, कॅराव्हॅनमधल्या बाकावर बसून त्यांनी नाशिकला धाकट्या बहिणीला फोन लावला. त्या फोन कानापासून लांब धरतात, स्पीकरवर, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. कडे सांगून झाले, सूर्य सांगून झाला. मावशी म्हणाल्या, "एवढा प्रवास कसा झेपला गं तुला?"

"झेपला, कारण संडास बरोबर होता," सासूबाई म्हणाल्या आणि सगळं सांगितलं. मेथीपासून लेबायपर्यंत. मुलासमोर, हसत हसत.

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"ताई," मावशी म्हणाल्या. "मी आपल्या भाचीच्या लग्नाला आले नव्हते ना, ताप होता म्हणून?"

"हो."

"ताप नव्हता गं."

सासूबाईंनी फोन दोन्ही हातांत धरला आणि तोंडाजवळ आणला. "सून घरात आहे का तुझी?" त्या म्हणाल्या. "बोलाव तिला. नसेल तर मुलालाच बोलाव. बोलाव तू, मी फोन ठेवत नाही."